विश्लेषण : बारामतीला पशुवैद्यकीय महाविद्यालय येतंय, पण तिथली पोरं आपल्या गोठ्यापर्यंत येणार का?

इनामगाव (ता. शिरूर) : बारामती आणि परळी इथं नवीन शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयं काढायला राज्य मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये मंजुरी दिली. बातमी आली तशी गेली. दूध डेअरीच्या कट्ट्यावर दोन दिवस चर्चा झाली, जागा कुठं, इमारत कधी, भरती कोणाची. मग दुधाच्या दराचा विषय निघाला आणि महाविद्यालय मागं पडलं.

इनामगाव, तांदळी, मांडवगण फराटा, न्हावरे, नागरगाव हा आपला घोड आणि भीमेच्या बेचक्यातला पट्टा, आणि भीमेपलीकडं दौंड. इथं ऊस आणि दूध या दोनच गोष्टींवर घर चालतं. आतापर्यंत आपल्याला जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय म्हणजे शिरवळचं. खंडाळा तालुक्यातलं हे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ चं. इनामगावातून जायचं म्हणलं तर शंभर किलोमीटरच्या पुढं. बारामती त्या मानानं हाकेच्या अंतरावर. म्हणून इमारतीच्या पलीकडचा एक प्रश्न आत्ताच विचारून ठेवायला हवा. या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या ज्या संघटना, मंडळं, क्लब असतात, ते नेमकं करतात काय? आणि त्यांचा तुमच्या-आमच्या गोठ्याशी काही संबंध आहे का?

आधी हे काय असतं ते बघू

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची आहे. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता, ज्याला पोरं इंटर्नशिप म्हणतात. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या निकषांवर हा अभ्यासक्रम चालतो. राज्यातली शासकीय महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, माफसू म्हणतात ते हेच. त्यात मुंबईचं परळचं महाविद्यालय सगळ्यात जुनं, १८८६ चं. नंतर नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ.

या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची चार प्रकारची मंडळं दिसतात.

पहिला प्रकार राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, आणि एनसीसी. एनएसएसची सात दिवसांची शिबिरं गावात होतात, जनावरांची तपासणी, जंतनाशक पाजणं, लसीकरण असं काम त्यात असतं. दुसरा प्रकार विद्यार्थी परिषद, म्हणजे स्नेहसंमेलन, क्रीडा, 'इंद्रधनुष्य'सारखे आंतरविद्यापीठ महोत्सव. तिसरा प्रकार मागण्या मांडणाऱ्या संघटना. विद्यावेतन, वसतिगृह, नोकरभरती हे त्यांचे विषय.

चौथा प्रकार फार कोणाला माहीत नाही आणि आपल्या कामाचा तोच आहे. पशुवैद्यक परिषदेच्या निकषांत 'स्टडी सर्कल' म्हणजे अभ्यास मंडळांची तरतूद आहे. ज्या पोराला ज्या जनावरात रस, त्यानं त्या मंडळात जायचं. दुभत्या जनावरांचं मंडळ, शेळ्या-मेंढ्यांचं, कोंबड्यांचं, घोड्यांचं, कुत्र्या-मांजरांचं, वन्यप्राण्यांचं. पुस्तकात जे मिळत नाही ते अशा मंडळातून मिळावं, हा हेतू.

परदेशात ही पद्धत चांगली मुरलेली आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत गाईंचा क्लब वेगळा, घोड्यांचा वेगळा, शेळ्या-मेंढ्यांचा वेगळा. क्लबातली पोरं डेअरी फार्मवर जातात, हातानं काम शिकतात. जगभरातल्या पशुवैद्यक विद्यार्थ्यांची मिळून एक आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे आणि देशोदेशीची पोरं तिच्यातर्फे एकमेकांच्या महाविद्यालयांत जाऊन राहतात. आपल्याकडं कागदावर सगळं आहे. खरा प्रश्न ते कागदावरून गोठ्यात कधी येतं, हा आहे.

कृषीदूत येतात, मग पशुदूत का नाहीत?

दरवर्षी आपल्या पोर्टलवर बातमी असते, 'अमुक गावात कृषीदूतांचं स्वागत'. कृषी महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची पोरं-पोरी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येतात, सरपंचांना भेटतात, माती परीक्षण, बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण करून दाखवतात. मुरघास कसा करायचा हेही तेच दाखवतात. त्यांच्यावर टीका होते की फोटोपुरतं काम करतात. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण निदान गावाला माहीत असतं की ही पोरं येतात, महिने-दोन महिने गावात दिसतात, त्यांना विचारता येतं.

पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांचं तसं नाही. त्यांची आंतरवासिता दवाखान्यात, प्रक्षेत्रावर, प्रयोगशाळेत होते. गाव त्यांच्या वाट्याला एनएसएसच्या सात दिवसांत नाहीतर एखाद्या शिबिरात येतं. ते गावही बहुतेक महाविद्यालयाच्या आसपासचं. शिरवळच्या पोरांनी खंडाळा, भोरकडं शिबिर घेतलं तर त्यात त्यांची चूक नाही, गाडी आणि डिझेल कोण देणार? पण शिरूर-दौंडच्या वाट्याला मग काहीच येत नाही.

दिवस साजरे होतात. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी जागतिक पशुवैद्यक दिन, २८ सप्टेंबरला रेबीज दिन. फेरी निघते, बॅनर लागतो. रेबीजची जागृती व्हायलाच पाहिजे, मोकाट कुत्र्यांचा त्रास गावोगाव आहे. पण ज्या माणसाच्या दारात गाभण गाय आहे, त्याला त्या बॅनरचा काय उपयोग?

लंपीनं काय दाखवून दिलं

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लंपी आला आणि पुढं राज्यभर पसरला. बाजार बंद झाले, बैलगाडा शर्यती थांबल्या, गोठ्यात फवारण्या सुरू झाल्या. सरकारनं मरतुकीला भरपाई दिली, गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची मोहीम काढली. तेव्हा खात्याचं मनुष्यबळ पुरेना. मग खासगी पशुवैद्यक घेतले आणि महाविद्यालयातले आंतरवासिता करणारे विद्यार्थी लसीकरणाला उतरवले.

त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, ही पोरं गोठ्यात काम करू शकतात, शेतकरी त्यांना विश्वासानं जनावर धरून देतो. दुसरी, त्यांना बोलवायला साथ यावी लागली. साथ ओसरली आणि पोरं परत वसतिगृहात गेली. जे नातं तयार झालं होतं ते कोणी धरून ठेवलं नाही. विद्यापीठानं नाही, पशुसंवर्धन खात्यानं नाही आणि खरं सांगायचं तर आपल्या दूध संस्थांनीही नाही.

त्यांची आंदोलनं आणि आपला फायदा-तोटा

गेल्या काही वर्षांत पशुवैद्यकीय विद्यार्थी दोन-तीन विषयांवर रस्त्यावर आले. इंटर्नशिपचं विद्यावेतन वाढवा, हा एक. डॉक्टर होणाऱ्या माणसांच्या पोरांना जास्त आणि जनावरांच्या डॉक्टरांना कमी का, असा त्यांचा सवाल. दुसरा, खासगी पशुवैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी देऊ नका. आधी असलेल्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांच्या जागा भरा, दवाखान्यातली पदं भरा, मग नवीन काढा, असं त्यांचं म्हणणं.

तिसरा विषय पदवीधर विरुद्ध पदविकाधारक. हा आपल्याला नीट समजून घ्यावा लागेल. गावातला श्रेणी-१ चा दवाखाना पशुधन विकास अधिकारी चालवतो, तो पदवीधर. श्रेणी-२ च्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक किंवा सहायक पशुधन विकास अधिकारी असतो, त्याच्याकडं पदविका. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ प्रमाणं उपचार करण्याचा पूर्ण अधिकार नोंदणीकृत पदवीधराला आहे, पदविकाधारकानं त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्यायच्या. पदविकाधारकांच्या संघटना म्हणतात, प्रत्यक्षात रात्री-अपरात्री गोठ्यात आम्हीच जातो, मग आम्हाला स्वतंत्र काम करू द्या. २०२१ मध्ये पशुधन पर्यवेक्षकांनी राज्यात काम बंद केलं होतं. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या संघटनांचा या मागणीला विरोध आहे.

दोघांचंही आपल्या जागी बरोबर आहे. पण दोघांच्याही निवेदनांत शेतकरी एका ओळीत येतो, 'पशुपालकांचे हित लक्षात घेऊन'. ते हित काय, हे पशुपालकाला कोणी विचारत नाही. आपल्याला पाहिजे ते साधं आहे. गाय विली, दुसऱ्या दिवशी बसली, मान पोटाकडं टाकली, तर दोन-तीन तासांत जाणता माणूस आला पाहिजे. हा मिल्क फीवर. रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि जास्त दुधाच्या एचएफ गाईला हा जास्त होतो. सलाईन शिरेतून हळूहळू द्यावं लागतं. घाईनं सोडलं तर हृदय बंद पडून गाय जागेवर जाते. इथं अनुभव लागतो आणि तो अनुभव पोरांना वर्गात मिळत नाही.

म्हणून विद्यावेतनाची मागणी आपल्याला परकी वाटायला नको. ज्या पोराला महिना भागत नाही, तो स्वतःच्या पैशानं गाडीत पेट्रोल घालून इनामगावला येणार नाही. संघटनांनीही हे उलट्या बाजूनं बघावं. ज्या मागणीमागं पाचशे दूध उत्पादक उभे राहतील, ती मंत्रालयात लवकर ऐकली जाते. आजपर्यंत त्यांच्या आंदोलनाला गावातून कोणी गेलं नाही, कारण गावाला त्यांची ओळखच नाही.

ओढा शहराकडं, याला कारणं आहेत

आता प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. माणसांच्या डॉक्टरकीला थोडक्यात हुकलेली हुशार पोरं इकडं येतात. मुलींचं प्रमाणही वाढलंय, ही चांगली गोष्ट. पण बऱ्याच जणांनी पहिल्यांदा गाय जवळून बघितलेली असते ती महाविद्यालयातच. पुण्या-मुंबईत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाकला तर पैसा आहे, रात्री चिखलात जावं लागत नाही. वन्यप्राण्यांचंही आकर्षण मोठं. आपल्या शिरूर, जुन्नर, आंबेगावात बिबट्याचा विषय रोज बातम्यांत असतो, माणिकडोहचं निवारा केंद्र पोरांना माहीत असतं. बिबट्याला बेशुद्ध करणाऱ्या डॉक्टरचा फोटो छापून येतो, दगडी झालेल्या गाईची कास तपासणाऱ्याचा येत नाही.

संघटनेच्या नेतृत्वाचाही मुद्दा आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून महाविद्यालयीन निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं दार उघडलं, २०१९ ला निवडणुका होणार होत्या, त्या पुढं ढकलल्या गेल्या. माफसू तर १९९८ च्या स्वतःच्या वेगळ्या कायद्यानं चालतं. गुणवत्तेवर नेमलेला प्रतिनिधी हुशार असतो, पण निवडून येण्यासाठी त्याला चार लोकांत जावं लागत नाही. गावात जाऊन माणसं जोडायची सवय लागणार कुठून?

आपल्या पट्ट्यात काय करता येईल

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. विद्यार्थ्यानं एकट्यानं उपचार करायचे नाहीत, कायद्यात ते बसत नाही आणि बसूही नये. सोबत नोंदणीकृत डॉक्टर पाहिजे. पण उपचाराच्या अलीकडं कितीतरी कामं आहेत, जी दुभत्या जनावरांच्या एका स्टडी सर्कलनं महिन्यातून एकदा येऊन केली तरी फरक पडेल.

पहिलं काम वाढ्यांचं. ऊस तुटायला लागला की चार-पाच महिने आपली जनावरं वाढ्यांवर असतात, कारण ते फुकटात किंवा स्वस्तात मिळतं. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. मग गाय वेळेवर माजावर येत नाही, विल्यावर बसते, वार अडकते. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, खनिज मिश्रण रोज द्या, असं तज्ज्ञ सांगतात. किती, कसं, कोणत्या गाईला, हे गोठ्यात उभं राहून दाखवणारं कोणी नाही. पोरांनी वीस गोठे धरावेत, दहा ठिकाणी हा उपाय करावा, दहा ठिकाणी नेहमीचं चालू द्यावं आणि सहा महिन्यांनी आकडे समोर ठेवावेत. त्यांचा अभ्यास होईल, आपला फायदा होईल.

दुसरं काम कासदाहाचं, आपण दगडी म्हणतो ते. सड सुजून गाठी झाल्यावर आपल्याला कळतं, पण त्याच्या कितीतरी आधी दूध कमी व्हायला लागलेलं असतं. सीएमटी नावाची सोपी तपासणी आहे, चार खणांच्या थाळीत चार सडांचं दूध घ्यायचं, द्रावण टाकायचं, घट्ट झालं की समजायचं. डेअरीवर सकाळच्या दूध संकलनाला दोन विद्यार्थी बसले तरी किती गोठ्यांत लपलेली दगडी आहे ते समजेल. अँटिबायोटिक दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हेही त्यांनी सांगावं. आपल्यात हे पाळणारे थोडेच.

तिसरं काम ब्रुसेलाचं. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ही लस एकदाच द्यायची असते. केंद्रानं २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, लस फुकट आहे. पण कालवड कोणत्या महिन्यात आहे याची नोंद कोण ठेवतो? गाभ टाकलेल्या गाईची वार आपण हातानं ओढून टाकतो, हातमोजा नसतो. हा रोग माणसाला होतो, ताप येतो-जातो, सांधे धरतात. घरातल्या बाईला याचा धोका जास्त, कारण गोठा तीच बघते. विद्यार्थिनींच्या एखाद्या गटानं बचतगटाच्या बैठकीत येऊन हे बोललं तर बायका मोकळ्या विचारतील.

चौथं काम ऊसतोडीच्या बैलांचं. हंगामात बीड, नगरकडच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात येतात. दौंड तालुक्यात कारखाने आहेत, आपल्याकडचा ऊसही तिकडं जातो. त्या बैलांचे खांदे सुजलेले, खूर दुखावलेले असतात. बैल बसला तर त्या कुटुंबाची उचल फिटत नाही. सांगली-सोलापूरकडं 'ॲनिमल राहत' ही संस्था अशा बैलांसाठी काम करते. आपल्याकडं कारखान्याच्या आवारात दर आठवड्याला एक दिवस विद्यार्थ्यांचं शिबिर, सोबत एक डॉक्टर, एवढं झालं तरी पुष्कळ. औषधांचा खर्च कारखान्याला जड नाही.

पाचवं, मेंढरं. पावसाळा संपला की धनगर बांधवांचे कळप या भागातून जातात. त्यांचा कायमचा पत्ता नसतो, म्हणून लसीकरणातून ते सुटतात. पीपीआर, आंत्रविषार आला की एका रात्रीत डझनानं मेंढरं जातात. वाड्यावर जाऊन लस द्यायला चालणारी पोरं लागतात, आणि वयानं तेच चालू शकतात.

गावानंही काही करायला हवं

सगळं त्यांनीच करावं आणि आपण कट्ट्यावर बसून नावं ठेवावीत, हेही बरोबर नाही. एनएसएसचं शिबिर गावात आणायचं तर ग्रामपंचायतीचं पत्र लागतं, मुलामुलींच्या राहण्याची वेगवेगळी नीट सोय लागते, जेवण लागतं. शाळा किंवा मंगल कार्यालय सात दिवस दिलं तर गावाचं काही जात नाही. दूध संस्थांनी गाडीचा खर्च उचलावा. तालुका पशुधन विकास अधिकाऱ्यांनी एक डॉक्टर सोबत द्यावा. शिबिरात काय झालं, किती जनावरं तपासली, किती आजारी निघाली, याचा कागद ग्रामसभेत वाचला जावा. कागद गावात राहिला तर पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरांना सुरुवात शून्यातून करावी लागणार नाही.

आणि १९६२ हा टोल फ्री नंबर प्रत्येक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. गाडी वेळेत येते की नाही हा वेगळा विषय, पण फोनच केला नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

इनामगावचं नाव बाहेरच्यांना माहीत आहे ते डेक्कन कॉलेजच्या उत्खननामुळं. १९६८ पासून पुढं पंधराएक वर्षं हे काम चाललं आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. त्यात गाई-बैलांची, शेळ्या-मेंढ्यांची हाडं निघाली, मातीचा बैल निघाला. तेव्हापासून या काठावर माणूस जनावरांच्या जिवावर जगतोय. पुण्याहून अभ्यासाला आलेल्या पोरांना तेव्हा गावानं राहायला जागा दिली, हाताला माणसं दिली. आता जनावरांचा अभ्यास करणारी पोरं येणार असतील तर गाव मागं हटणार नाही.

बारामतीच्या महाविद्यालयाची पहिली तुकडी बसेल तेव्हा तिथं स्टडी सर्कल सुरू होतील, परिषद बनेल, एनएसएसचं युनिट निघेल. कोणती गावं दत्तक घ्यायची याची यादी त्याच वेळी ठरेल. यादी ठरली की नंतर त्यात शिरणं अवघड जातं. म्हणून शिरूर आणि दौंडमधल्या ग्रामपंचायतींनी, दूध संस्थांनी येत्या ग्रामसभेतच ठराव करून विद्यापीठाला आणि पशुसंवर्धन खात्याला पत्र पाठवावं. पत्रात फक्त 'सहकार्य करू' असं लिहू नका. किती गाई, किती कालवडी, राहायची सोय कुठं, गाडीचा खर्च कोण देणार, हे आकड्यांनिशी लिहा. मागणाऱ्याचा हिशेब तयार असला की देणाऱ्याला नाही म्हणायला जागा राहत नाही.